आळेफाट्यावर अडवलेली बस

बारा वर्षांपूर्वी ओतूरजवळच्या एका गावात दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान झालं. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला, तरच दुकान बंद होणार होतं. गावच्या पहिल्या महिला सरपंच वर्षभर त्यासाठी घरोघरी फिरल्या होत्या. मतदान गावच्या शाळेत पाचपर्यंत होतं. दुपारी कांदा काढून परतलेल्या म्हाताऱ्यांना दुकानदारानं फुकट दर्शनाच्या नावाखाली शिर्डीच्या खासगी बसमध्ये बसवलं. हे कळताच सरपंचबाई माझ्या मोटरसायकलवर मागे बसल्या. मी बातमीसाठी आलो होतो. आळेफाट्यावर बस डिझेल भरताना सापडली. आत कांद्याचा आणि घामाचा वास कोंडला होता. “आजी, मत?” बाईंनी विचारलं. “आमी कुठं दारूला मत दिलंय? दिलंच न्हाई!” एक आजी म्हणाली. “न दिलेलं मत दारूच्याच बाजूनं धरतात.” चालक म्हणाला, “मालकानं सांगितल्याशिवाय गाडी वळणार नाय.” पुढच्या सीटवरची म्हातारी उठली. “वळव रं, नायतर बाबांना तुझंच नाव सांगते.” साडेचार वाजले होते. शाळेचं फाटक बंद झालं तेव्हा सगळ्या म्हाताऱ्या आत रांगेत होत्या. बाटली तीन मतांनी आडवी झाली. दारूच्या त्या गाळ्यात आता खताचं दुकान आहे.