भिंतीखालचा पाइप

पोपट, हे तुला लिहितेय. वाचशील की नाही, कोण जाणे. सातवीतसुद्धा धडा न वाचताच उत्तर द्यायचास, आणि ते बरोबर निघायचं, म्हणून मी रागवत नसे. चूक माझीच.

निमोण्यात पंप म्हटलं की तुझंच नाव. बापाने विहिरी खोदल्या, तू बोअरमध्ये मोटारी सोडायला लागलास. पाइपला कान लावून बिघाड सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. म्हणून विहारापुढच्या लॉनला फवारे बसवायचं ठरलं, तेव्हा कमिटीत दुसरं नाव मी निघूच दिलं नाही. बोअर माझ्या अंगणातली, गवत विहाराची झाडलोट करणाऱ्या सोजरबाईचं. या वयात तिने एकेक ठोंब हाताने लावला. बुद्धपौर्णिमेला पोरं धुळीत नको, हिरवळीवर बसावीत, एवढाच तिचा हट्ट.

चर बुजवण्याआधी मी म्हटलं, "पाइप कुठून कुठे गेलाय, कागदावर काढून दे."

"कागद हरावतो बाई. माझं डोस्कं हरावत न्हाई."

सगळे हसले. मीही हसले आणि पंपाच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे दिली. त्याच दिवशी तू लाजत विचारलंस, दौंडला राहणारा माझा विद्यार्थी सम्राट रांजणगावच्या कंपनीत साहेब आहे, तिथे पंपांवर कायमची जागा निघतेय, बाई समक्ष बोलतील का? मी म्हटलं, चल, पौर्णिमेआधीच्या सोमवारी त्याला सुट्टी असते, घरीच जाऊ, तुझ्याच मोटारसायकलवर.

मार्चात फवारे गुडघ्याएवढेही उडेनात. तू आलास, कान लावलास. "पानी खाली गेलंय. पूर्वेकडचं लॉन सोडा, निम्मं तरी जगंल."

"मग बबनरावाचं कसं हिरवंगार हाय रं?" सोजरबाईने विचारलं. विहाराला लागूनच बबनरावांचं लग्नाचं लॉन.

"त्यांची बोअर खोल हाय, मावशे."

मी तिलाच गप्प केलं. म्हटलं, "पोपटला कळतं." हे वाक्य अजून टोचतं.

पूर्वेकडचं गवत वाळून गेलं. तिथे निदान झेंडू लावू, म्हणून सोजरबाईने कुदळ घातली आणि पाइप लागला. आमच्या लाइनला तुझ्याच हातचा जोड, आणि तिथून एक काळा पाइप थेट भिंतीखालून पलीकडे.

तुला बोलावलं. नाकारलं नाहीस, एवढं तुझ्या बाजूने लिहिते.

"त्यांची बोअर आटली व्हती बाई. लग्नाचा सीझन. लॉनचं सगळं काम त्यांनी मलाच दिलंय, न्हाई कसं म्हनू?"

"मला विचारायचंस."

"तुम्ही न्हाई म्हनला आसता."

"मग तेच उत्तर होतं ना रे!"

सोजरबाई वाळका ठोंब घेऊन तुझ्यापुढे आली. "याला लाव की कान. काय म्हंतंय बघ."

तू किल्ली पायरीवर ठेवून गेलास.

तरी ठरलेल्या सोमवारी सकाळी दारात आलास. हॉर्न दिला नाहीस, गाडी चालू ठेवून नुसता उभा राहिलास. मी पातळ बदललं होतं, चप्पलही घातली होती. सम्राट पहिलं काय विचारणार, ते मला माहीत होतं: "बाई, माणूस भरवशाचा आहे ना?"

मी चप्पल काढली. थोड्या वेळाने तुझी गाडी वळल्याचा आवाज आला. दौंडला जायचं राहिलं ते राहिलंच.