भिंतीपलीकडची ‘अ’ दर्जाची कंपनी

शेजारी ट्रान्सपोर्ट कंपनी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आमची भिंतच बुटकी, त्याला मी काय करू? बाबूशेठच्या तीन गाड्यांचं सगळं आपोआप माझ्या अंगणात येऊन पडायचं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ. आरटीओचे साहेब ब्रेक, टायर, अपघात बघून कंपनीला अ, ब नाहीतर क दर्जा देणार होते. ‘अ’वाल्यालाच पाण्याच्या टँकरचं काम!

शेठनं आधीच पेंटर बोलावून तिन्ही गाड्यांवर मोठा ‘अ’ काढून घेतला.

“अहो शेठ, निकाल लागायचाय अजून!”

“वहिनी, रंग वाळाया टाइम लागतो!”

*

चांगले टायर एकाच गाडीचे. ती गाडी बघून साहेब चहाला बसले, तेवढ्यात तेच टायर दुसऱ्या गाडीला! मग साहेब जेवायला बसले, तेवढ्यात तिसरीला!

हात पुसत साहेब म्हणतात, “शेठ, मेंटेनन्स अगदी एकसारखा आहे हो तुमचा!”

भाजी चिरता चिरता माझं बोटच कापलं.

*

“अपघात किती झाले?”

“एकबी न्हाई!” शेठ म्हणाले.

ड्रायव्हर इस्माईलमामू लई सरळ माणूस. “साब, ज्यांचे झाले त्या गाड्या शेठनं इकून टाकल्या ना!”

साहेबांनी मान डोलावली आणि लिहिलं : अपघात नाही. मी हबकलेच!

*

मामू तरी गप बसले नाहीत. “साब, पाण्याची टाकी भरली की ब्रेक लागत न्हाई.”

“मग रिकामी बघा की साहेब!” शेठ.

रिकामी बघितली. ब्रेक लागला. ‘अ’ मिळाला!

संध्याकाळी मामू भिंतीपाशी आले. “भाभी, पाणी न्यायचं ती वस्ती उताराच्या खाली हाय. बायका घागरी घेऊन रस्त्यातच उभ्या राहतेत.”



*

पहिल्या फेरीला नारळ फुटला, हार पडले. साहेब स्वतः जीप घेऊन हजर. टाकी काठोकाठ भरलेली.

मामू वर चढले आणि खिडकीतून म्हणाले, “साब, गाडी तुमीच पास केली. उतारावर जीप पुढं घ्या. मी तुमच्या मागं मागं येतो.”

साहेबांनी एकदा टाकीकडं बघितलं, एकदा जीपकडं.

“नाही नाही, तुम्ही व्हा पुढं! मी मागून येतो!”

मामूंनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि चावी साहेबांच्या हातावर ठेवली.