वकीलबापूंचं खाकरणं

वकीलबापू कुठल्याही घरात खाकरल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. दार सताड उघडं असो, आतले लोक त्यांचीच वाट बघत असोत, बापू उंबऱ्याबाहेर थांबणार, घसा खाकरणार, आतल्यांना सावरायला वेळ देणार आणि मगच आत येणार. तसे आमच्याकडचे सगळेच जुने पुरुष खाकरत. आतल्या बायकांना डोक्यावर पदर घेता यावा एवढाच त्यामागचा हेतू. पण बापू स्वतःच्या स्वयंपाकघरात जातानाही खाकरायचे. मारुतीच्या देवळात शिरतानासुद्धा. मी एकदा चिडवलं, की मारुतीला कुठला आलाय पदर? तर म्हणाले, "देव झाला म्हणून काय झालं? त्यालाबी घटकाभर अंग टाकून बसावं वाटत असंल की." तालुक्याच्या कोर्टात नव्यानं आलेल्या एका न्यायाधीशांनी तर त्यांना चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवलं होतं.

दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात बापूंचं घर आमच्या मागच्या गल्लीत. काळा कोट हातावर टाकून ते रोज एसटीनं माजलगावला जायचे. शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावणं ही आपल्या एसटीतली फुकटची करमणूक. मीही ती पुष्कळ केली आहे. बापूंच्या शेजारच्यानं मोबाईल काढला, की बापूंची मान खिडकीकडे वळायची. तो माणूस माजलगावपर्यंत मोबाईल बघत बसला, तर बापू माजलगावपर्यंत ऊस बघत बसायचे. उतरल्यावर मान चोळत कोर्टात जायचे, पण तक्रार नाही.

मी बीडहून बीए होऊन परत आले आणि मोबाईलवरच एक चॅनेल सुरू केलं. ऊसतोडीहून परतलेल्या बायका दुपारी आमच्या ओट्यावर बसून बोलायच्या आणि मी त्यांचा नुसता आवाज घ्यायची. नाव नाही, चेहरा नाही. फडावर आजारी पडलं तर काय होतं, आडोशाला जायला अंधाराची वाट कशी बघावी लागते, मुकादम बायांशी कुठल्या भाषेत बोलतो, असलं सगळं. आसपासची गावं ऐकायला लागली. मुकादमानंही ऐकलं, आणि कुणाचं नाव नसताना स्वतःला बरोबर ओळखलं.

मुकादम सरपंचांच्या भावकीतला. सरपंचांना सगळे आण्णा म्हणायचे. थोड्याच दिवसांत पंचायतीनं महिलांच्या सुरक्षेसाठी म्हणून कॅमेरे बसवले. त्यातला एक खांबावरून थेट आमच्या ओट्याकडे बघत होता. त्याचा टीव्ही पंचायतीच्या कार्यालयात, आणि टीव्हीसमोर चहा पीत बसलेली मुकादमाची माणसं. आमचा ओटा बघता बघता ओस पडला. सगळ्यांत मोकळं बोलणारी कौसाबाई मला गिरणीत भेटली आणि पिठाचा डबा उचलता उचलता हळूच म्हणाली, "पोरी, तुझ्याकडं कोण आलं ते त्याला घरबसल्या दिसतंय. पुढच्या साली टोळीत घेतलं न्हाई, तर आमी कुठं जावं?" कुणी कुणाला दम दिला नव्हता, कुणाचं तोंड दाबलं नव्हतं, तरी बायका गप्प झाल्या होत्या.

तणतणत मी बापूंकडे गेले. मोबाईल त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, आधी हे सगळं ऐका, म्हणजे या बायकांसाठी भांडायला तुम्हाला जोर येईल. बापूंनी मोबाईल पालथा केला आणि माझ्याकडे सरकवला.

"त्यांनी तुला सांगितलंय, मला न्हाई."

पुढचं सगळं भांडण त्यांनी त्यातला एक शब्दही न ऐकता भांडलं. त्यांनी पंचायतीला अर्ज दिला, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टानं सांगितलेलं आहे, आणि कोण कुणाच्या ओट्यावर बसतं यावर डोळा ठेवणं म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड बंद करणं. अर्जावर शिक्का पडला आणि अर्ज निवांत झोपी गेला. मी म्हटलं, आता कोर्टात खेचू. बापू म्हणाले, कोर्ट कुठं पळून जात नाही, आधी गावाला विचारू.

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या मैदानात भरली. आण्णांनी उभं राहून गावालाच सवाल केला, "ज्याच्या मनात चोरी न्हाई त्यानं कॅमेऱ्याला भ्यायचं कावून?" माना डोलल्या. बापूंनी वाद घातलाच नाही. एवढंच म्हणाले, की कार्यालयातल्या चार जणांना जे दिसतं ते गावालाही दिसू द्या, टीव्ही बाहेर आणा. आण्णांना नव्या टीव्हीचं कौतुक होतंच. त्यांनी तो टेबलावर मांडून घेतला आणि स्वतःच्या हातानं चालू केला. बापू मात्र टीव्हीकडे पाठ करून बसले.

टीव्हीवर आमचा रिकामा ओटा दिसला, आणि त्याला लागून शेजारचं अंगण. त्या घरात आण्णांची चुलती राहायची. नुकतीच न्हाऊन ती उन्हात बसली होती. पदर मांडीवर, केस मोकळे, निवांत तेल लावणं चाललेलं. ज्या बाईला गावानं उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं, ती सगळ्या गावासमोर केस विंचरायला लागली. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांच्या माना खाली गेल्या आणि त्यातला एक जण खाकरला. मग दुसरा. मग अख्खी सभा खाकरायला लागली, जणू सगळे तिच्या दारातच येऊन उभे होते. आण्णासुद्धा खाकरले.

"बंद करा ते," बापू पाठमोरेच म्हणाले. टीव्ही बंद झाल्यावर वळले. "आत्ता समदे खाकरलात. तिला ऐकू गेलं का? आपुन दारात खाकरतो, आण्णा. कॅमेरा खाकरत न्हाई. ह्या पोरीच्या ओट्यावर बसणाऱ्या बायांचं तेवढंच म्हणणं हाय."

दिवस मावळायच्या आत वायरमन शिडी लावून खांबावर चढला आणि कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे झालं. टीव्ही कपाटात गेला. तक्रार आली तरच बघायचा, असं ठरलं. बापूंच्या मनाला मात्र चुलतीचं लागून राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते तिच्या दारात गेले, खाकरले आणि हात जोडून माफी मागून आले. तिनं त्यांना चहा पाजला. म्हणाली, माझे केस अजून काळे हायेत, हे गावाला कळलं ते बरंच झालं.

कौसाबाई परत आली, रस्त्याकडे पाठ करून बसली, पण बोलली. एक-दोघी आल्याच नाहीत, त्यांना मी दोष देत नाही. मी बापूंचे आभार मानायला गेले, तर त्यांनी मला वाटेलाच लावलं. म्हणाले, "तू ऐकत ऱ्हा, म्हंजे झालं." आजही रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी मी खाकरते. बायका हसतात, सावरून बसतात. कधी एखादी म्हणते, आज नको. मग मी मोबाईल बाजूला ठेवते आणि आम्ही नुसत्याच बसतो. हे मी बापूंकडून घेतलं, आणि त्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

बापू जायच्या थोडे दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले होते. अर्धं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. बघायला येणारे थेट खाटेपर्यंत जात होते. कुणी चादर उचलून पाय बघत होतं, कुणी 'लवकर बरे व्हा' असं ग्रुपवर टाकायला फोटो काढत होतं. बापू डोळे मिटून पडून होते. लोक पांगेपर्यंत मी अंगणात थांबले, मग उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आमच्याकडे बायका दारात खाकरत नाहीत. मी खाकरले.

बापूंनी डोळे उघडले. चालत्या हातानं त्यांनी चादर हळूहळू ओढली, छातीपर्यंत घेतली, सारखी केली. बराच वेळ लागला. तोवर मी अंगणातल्या लिंबाकडे बघत उभी होते. मग आतून खाकरल्याचा बारीकसा आवाज आला, आणि मी आत गेले.