अंतराळवीराच्या वडिलांची बातमी

आईला मी माती दिली नाही. वसईच्या दफनभूमीत तिच्या पेटीवर सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, तेव्हा मी ओमानमधल्या इब्रा गावात एका कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर उघडून बसलो होतो, आणि ती गेली हे मला माहीतच नव्हतं. माझ्यापासून ते लपवलं गेलं. लपवणारी माझीच माणसं होती, आणि लपवा म्हणून सांगून ठेवणाराही मीच होतो. आता रागवायचं कुणावर?

नीट सांगायचं तर आधी थोडं अंतराळात जावं लागेल.

मस्कतमध्ये आम्हा वसईकरांची बरीच कुटुंबं आहेत. कुणी ऑफिसात, कुणी हॉटेलात, मी एसी आणि चिलरच्या कामात. पोरं आपसात इंग्रजी बोलतात, आणि आजीशी फोनवर मराठीत बोलायची वेळ आली की त्यांचा घसा बसतो. म्हणून दार्सैतला एकांच्या घरी शुक्रवारी सकाळी मराठीचा वर्ग भरतो. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी एकदा मला धरलं. म्हणाल्या, पोरं कवितांना कंटाळलीत, तुम्ही काहीतरी मराठीतून सांगा. मला लहानपणापासून एकच वेड, अंतराळात राहून आलेली माणसं. आजची नव्हेत. आज म्हणे तिथून घरच्यांशी व्हिडिओवर बोलता येतं. मला ती सुरुवातीची माणसं आवडतात, पहिल्यावहिल्या स्थानकांवर दोघं दोघं महिनेन्महिने राहिलेली. खालच्या लोकांशी रेडिओवर बोलायचं ते स्थानक त्यांच्या टप्प्यात असेल तेवढीच मिनिटं.

मी पोरांना एका रशियन जोडीची गोष्ट सांगितली. शहाण्णव दिवस राहिले दोघं. त्यातल्या एकाची दाढ दुखायला लागली, तर खालून सल्ला आला की कोमट पाण्यानं चूळ भर. परत आल्यावर त्यांना साधा कप जड व्हायचा, आणि सकाळी जाग आली की बिछान्यातून पोहत निघायला बघायचे. पोरं खूप हसली. मग मी त्यांच्यातल्याच दुसऱ्याची गोष्ट सांगितली. तो वर असताना इकडे त्याचे वडील वारले, आणि खालच्यांनी त्याला सांगितलं नाही. जमिनीवर उतरल्यावर सांगितलं. मी जिथं वाचलं तिथं तरी असंच होतं.

ऐकायला बसलेल्या पालकांपैकी एका बाईंच्या तोंडून "अरेरे" निघालं. त्यावर मी भाषणच ठोकलं. म्हणालो, बरोबर केलं त्यांनी. तो काय रिक्षात बसला होता, थांबवून उतरायला? नाहीतर आपल्याकडची पद्धत बघा. गावी कुणी गेलं की गल्फमधल्या माणसाला सांगतात, "सिरियस आहे, ये." तो बिचारा विमानभर नवस बोलत जातो, आणि विमानतळावर न्यायला आलेल्यांचे चेहरे बघून समजतो. अर्धवट सांगण्यापेक्षा सांगूच नका. मला तर बाबा काम संपल्यावर सांगा. वर बसून रडून उपयोग काय? तिथं अश्रूसुद्धा खाली पडत नाहीत.

मोठ्या माणसांनी माना डोलावल्या. बायको आणि मुलगी पुढेच बसल्या होत्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय?

गेल्या जूनमध्ये इब्राचं काम आलं. खजूर आणि मासळीचं कोल्ड स्टोरेज, नऊ दिवसांचं काम, आम्ही पाच जण. राहायला मागंच एक खोली, जेवायला बहुतेक खुबूस, इकडची अरबी रोटी. उन्हात लोखंडी पाने हातात धरवत नव्हते, त्यामुळे पहाटे सुरू करायचो, दुपारी थांबायचो आणि उन्हं कलली की पुन्हा. घरी फोन दुपारी दीडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बायकोचा फोन आला. मी छतावर होतो, एक बोल्ट अडकला होता. "यल्ला, लवकर बोल," मी खेकसलो. ती म्हणाली, काही नाही, नंतर बोलू.

आई त्या सकाळी गेली होती. वसईहून दादानं बायकोला कळवलं होतं. आमच्याकडे गल्फमधल्या मुलासाठी दोन दिवस थांबतात, शव शवागारात ठेवतात. दादा थांबायला तयार होता. पण बायको त्याला म्हणाली, तो काम अर्धवट टाकून येणार नाही, आणि त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय, कामात असताना कळवू नका म्हणून. दादाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दफन झालं.

इब्रा म्हणजे काही अंतराळ नव्हे. गाडीनं दोन तासांत मस्कत येतं. संध्याकाळच्या विमानानं मी सहज पोचलो असतो.

पुढचे सात दिवस मी रोज दीडला फोन केला. बायको थोडं बोलायची आणि मुलीकडे द्यायची. मुलगी सातवीत आहे. एरवी मराठीत हो-नाहीच्या पुढं न जाणारी पोर, पण त्या आठवड्यात अशी बोलायची की मी फोन स्पीकरवर टाकून बरोबरच्यांना ऐकवायचो. बघा, वर्गाचा फायदा. आईला फोन लावायचं मनात यायचं, पण हात ग्रीसनं भरलेले, डोळ्यांवर झोप. काम संपलं की निवांत बोलू म्हणून मी ते पुढं ढकलत गेलो.

नवव्या दिवशी दुपारी अल् खुवैरला घरी पोचलो. बायकोनं दार उघडलं, मला बसवलं आणि सांगितलं. आठ दिवस झाले म्हणाली. मी विचारलं, चहा आहे का. बूट काढले. मोजे दुमडून बुटात घातले. दाढ काढून आल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. ती रडत होती आणि मी तिच्याकडे नुसता बघत होतो.

"मला का नाही सांगितलंस?"

"तूच बोलला होतास ना, सगळ्यांसमोर? मला वाटलं तुला तसंच हवंय."

आपलेच दात, आपलेच ओठ.

दोन दिवसांनी कोल्ड स्टोरेजच्या मालकाचा फोन आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, आत्ता कळलं, मला का नाही सांगितलं? मी स्वतः गाडी काढून तुला विमानतळावर सोडलं असतं, मशीनला कोण विचारतो. मी म्हटलं, शुक्रान, अर्बाब, म्हणजे आभारी आहे, मालक. फोन ठेवला आणि जेवायला बसलो. भाजीत मीठ कमी होतं, तेवढं मला कळलं.

महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या तिच्या नावच्या प्रार्थनेला, वसईला गेलो. दादानं कबर दाखवली. माती बसून गेली होती, वरचा क्रॉस अजून लाकडाचाच होता. मी मेणबत्ती लावली, ती वाऱ्यानं विझली, पुन्हा लावली. चुलत्या-मावश्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. रडलो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं, आणि मलाही. पण रडू येत नव्हतं. चार दिवसांनी परत आलो आणि कामावर गेलो. बायकोशी भांडलो नाही. त्या दिवसांत मला तिचा राग यायला हवा होता आणि तोही आला नाही, याचीच मला भीती वाटायची.

नंतरच्या एका शुक्रवारी मुलीला दार्सैतहून आणत होतो. बाई म्हणाल्या होत्या, अजून फार अडखळते. गाडी बिल्डिंगखाली लावली आणि मी तिला म्हटलं, "असं कसं? मी इब्राला होतो तेव्हा किती छान बोलायचीस."

तिनं दप्तरातून गणिताची वही काढली आणि शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं लिहिली होती, एकेका दिवसाची वेगळी. शाळेच्या बसला नवीन ड्रायव्हर आला. वरच्या आंटीची मांजर आपल्या बाल्कनीत आली. मम्मीने पापलेट आणलं. प्रत्येकापुढं टिक केली होती.

"मम्मी बोलली, पप्पाशी नॉर्मल बोल," ती म्हणाली. "मला नॉर्मल सुचत नव्हतं. मग मी आधीच लिहून ठेवायचे."

मी पान वाचत खाली गेलो. पाचव्या दिवसाचं एकच वाक्य होतं. आजी विचारते, पप्पा जेवला का.

"हे मम्मीनं सांगितलं?"

"नाही. मीच बनवलं. तू आजीचं विचारशील असं वाटलं, म्हणून तुझ्याआधी मी बोलून टाकलं." तिचा आवाज बारीक झाला. "सॉरी पप्पा. खोटं होतं ते."

मला तो फोन आठवला. मी वैतागून म्हटलं होतं, जेवलो म्हणून सांग तिला. फोन ठेवून बरोबरच्यांना म्हणालो होतो, शेचाळीस वर्षांचा झालो तरी आमची म्हातारी अजून जेवणाचंच विचारते. मी अंतराळातल्या माणसाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली, पण खाली रेडिओसमोर बसून त्याच्याशी हसत बोलणाऱ्यांचा विचार मी कधीच केला नव्हता. माझ्या घरी ते काम या पोरीनं केलं होतं.

"मी पण खोटं बोललो," मी म्हटलं. "त्या दिवशी मी जेवलो नव्हतो."

तिनं मान वर केली. "मग कधी जेवलास?"

"चारला."

"काय?"

"खुबूस आणि डाळ," मी म्हटलं, आणि तिथं मला रडू फुटलं. स्टीअरिंगवर डोकं टेकवून मी मोठमोठ्यानं रडलो. मुलीनं वही मिटली, माझ्या खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

"मम्मी, खाली ये," ती म्हणाली. "पप्पा रडतोय. मी लगेच सांगतेय."