फ्रीजरला लावलेलं कुंकू

आमच्या घरात चालू यंत्राला कुंकू लावत नाहीत. वडील सुरतेजवळ भेस्तानला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. दसऱ्याला बजावायचे, "पहिले बंद कर, मंग हात जोड." मी सुरतेतच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाले, तरी हे अंगातून गेलं नाही.

त्या वर्षी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी परदेशातून एक मानवी प्रोटीन मागवलं होतं. माणसाच्या शरीरात बनतं तेच, पण जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, फक्त संशोधनात पेशी वाढवण्यासाठी. एवढीशी बाटली, आत काही आहे असं दिसतही नव्हतं. मॅडमनी ते विरघळवून बारा नळ्यांमध्ये वाटलं आणि फ्रीजरमध्ये ठेवलं. एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही, वाया जातं, असं मला दहादा सांगितलं. पीएच.डी. करणारी एक मुलगी त्याच्यासाठी चार महिने थांबली होती.

दसऱ्याची सुट्टी, म्हणून आदल्या दिवशीच यंत्रपूजा उरकायची होती. मी एकेक यंत्र बंद करून कुंकू लावत गेले, आणि त्याच ओघात फ्रीजरही बंद केला. तेवढ्यात जलेबी-फाफडा आला. मग कुठला फ्रीजर आणि कुठलं काय!

सुट्टीनंतर सकाळी दार उघडलं तर तळाला पाणी. बाराही नळ्या वितळलेल्या. स्विचवर माझ्याच बोटाचं कुंकू होतं. मी काय करावं? स्विच चालू केला, कुंकू स्पिरिटने पुसलं, पाणी टिपलं. दुपारपर्यंत सगळं पुन्हा गोठलं. चांगलं प्रोटीन आणि वाया गेलेलं प्रोटीन दिसायला सारखंच असतं. नोकरी जाणार या धास्तीने डबा तसाच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने एक नळी काढून बर्फात ठेवली. गुणगुणत होती ती. आता ही महिनोन्‌महिने पेशींना नुसतं पाणी पाजणार आणि आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून रडणार. मी तिच्या टेबलापाशी गेले.

"ताई, ते घालू नका," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम ओरडल्या नाहीत, त्याने मी जास्तच घाबरले. त्यांनी आधी थोड्या पेशींवर ते तपासायला लावलं. चौथ्या दिवशी पाहिलं, पेशी वाढल्याच नव्हत्या. नवी बाटली यायला दोन महिने लागले. तेवढे दिवस ती मुलगी माझ्याशी बोलली नाही. मला कामावरून काढलं नव्हतं, पण मॅडमनी हाक मारली की वाटायचं, आज काढणार.

पुढच्या दसऱ्याला मॅडमनी कुंकवाची थाळी माझ्याच हातात दिली.

"फ्रीजरने तूं ज लगाड," त्या म्हणाल्या. "चालू राखीने." म्हणजे फ्रीजरला कुंकू मीच लावायचं, तेही तो चालू ठेवून.

मी बोट कुंकवात बुडवलं. मनातल्या मनात वडिलांची माफी मागितली आणि घरघरणाऱ्या फ्रीजरला बोट टेकवलं.