टेक ऑफचा तास

पाचवीला इंग्रजी शिकवायचं म्हणजे निम्मं नाटक. बाईंनी आधी कृती करायची, मग वाक्य म्हणायचं, आणि वर्गाने तेच बेंबीच्या देठापासून ओरडायचं. सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत हीच पद्धत होती. त्या दिवशी ‘टेक ऑफ’ होतं. अंगावर घातलेलं काढायचं तर टेक ऑफ; दप्तरातून पुस्तक काढायचं तर टेक आउट, तिथे टेक ऑफ म्हणाल तर मार खाल, असं मी बजावलं. मग घड्याळ काढलं, चष्मा काढला, चपला काढल्या. मुली खूश. पहिल्या बाकावरची एक म्हणाली, “बाई, आता मंगळसूत्र काढा की!”

मी पुढचा शब्द घेऊन वेळ मारून नेली.

नवऱ्याने पुण्यात दुसरा संसार थाटून बरीच वर्षं झाली होती. सोलापुरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खोली मिळावी म्हणून ‘मिस्टर फिरतीवर असतात’ असं मी ठोकून दिलं होतं. त्या माणसाच्या नावाचे मणी मी रोज घासूनपुसून मिरवत होते, याची मला चीड यायची.

त्या संध्याकाळी खोलीत आले आणि मंगळसूत्र काढून पत्र्याच्या डब्यात टाकलं. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. कसलं काय, नुसतं भकास वाटलं. सांगायलाही कुणी नव्हतं.

सकाळी नळावर घरमालकीणबाईंनी माझा गळा पाहिला आणि हातातली घागर खाली ठेवली. “अय्यो! कवा झालं वो, बाई? आन् तुमी एकट्याच हितं?”

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी मला कवटाळून रडायला सुरुवात केली होती. घटकाभरात गल्लीतल्या बायका खोलीत जमल्या. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून कुणी पिठलं आणलं, कुणी भाकरी. तो तिकडे पुण्यात ठणठणीत होता. तरी मी गप्प राहिले. तो सोडून गेला तेव्हा माझ्याजवळ असं कुणी येऊन बसलं नव्हतं. आईसुद्धा ‘जरा जुळवून घ्यायचं होतंस’ एवढंच म्हणाली होती.

घरमालकीणबाईंनी घास माझ्या तोंडाशी धरला. “खावा, बाई. आन् रडा. लई दाबून धरलंय तुमी.”

मी हमसून हमसून रडले, आणि ताटातली भाकरी सगळी खाल्ली.