अर्धी सिगरेटसुद्धा नाही!

सिगरेट ओढणाऱ्याकडे धूर असतो, किस्से साठतात सोडणाऱ्याकडे. कारण सोडल्याबरोबर सगळं ऑफिस त्याच्यावर डोळा ठेवून बसतं! हे सगळे किस्से बंगलोरला, इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसखालच्या शेट्टीच्या टपरीवरचे. चहा, कॉफी, सिगरेट, सगळं एकाच फळीवर.

मी शाळेपासून अमेरिकेत शिकून, तिथे नोकरीही करून परत आलो होतो. आपलं सॉफ्टवेअर आपल्याच देशात लिहायचं म्हणून. एक दिवस वाटलं, ज्यानं ग्रीन कार्ड नाकारलं तो एका कागदी नळीपुढे का वाकतो? सोडली!

टपरीवर जाहीर केलं. नागपूरचा वानखेडे म्हणाला, "अमेरिका सोडली तेव्हाच तुझं डोकं तपासायला पाह्यजे होतं बाप्पा!"

आमचे बॉस कुलकर्णी अण्णा. घर बनशंकरीला, तीन पिढ्या बंगलोरात. त्यांनी शांतपणे धूर सोडला. "बघ की रे. सहा महिन्यांत सिगरेट धरतोस, वर्षात अमेरिका. तुझ्यासारखे पुष्कळ बघितलोय."

ठरलं. आता दोन्ही सोडलेलीच राहणार!

*

सगळ्यात कठीण वेळ लाइट जायची. दुपारी लाइट गेली की अख्खं ऑफिस खिसे चाचपत खाली. मी एकटा काळ्या स्क्रीनसमोर नखं खात बसायचो.

शेवटी मॅनेजमेंटशी भांडून जनरेटर आणवला. तो नेमका टपरीशेजारी बसवला. पहिल्याच दिवशी त्यानं एवढा काळा धूर ओकला की शेट्टी दिसेनासा झाला.

वानखेडे खोकत ओरडला, "तुझ्या वाटची आता हा ओढते काय?"

"ओढू दे! मी नाही ना ओढत!"

*

मला बघितलं की शेट्टीचा हात आपोआप माझ्या ब्रँडकडे जायचा. मी मान हलवली की बिचारा हिरमुसायचा. एकदा समजावत म्हणाला, "स्वल्प ॲडजस्ट माडि, सर. जेवणानंतर एकच."

थोडं जमवून घ्या, हे बंगलोरचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध. बसमधल्या सीटपासून घरमालकापर्यंत!

"नो ॲडजस्ट!" मी ओरडलो.

शेजारी वानखेडेशी शिवाजीनगरच्या भाड्यावरून हुज्जत घालणारा रिक्षावाला दचकला. "सरी सर, सरी! ठीक आहे, मीटरवरच चलतो!"

तेव्हापासून मी 'नो ॲडजस्ट साहेब'.

*

आमचे निर्णय मीटिंग रूममध्ये होत नसत. अण्णा टपरीवर पाकीट फिरवायचे. सिगरेट घेतली त्यानं बोलायचं, असा रिवाज. मी मोहापासून लांब म्हणून वर बसलो, तर खाली सर्वानुमते सगळ्यात किचकट जुना प्रोग्रॅम माझ्या गळ्यात!

दुसऱ्या दिवशी खाली उतरलो, हातात खाऱ्या दाण्यांची पुडी घेऊन. चहूबाजूंनी धूर, जीव कासावीस. पाकीट माझ्यापर्यंत आलं की पुडी पुढे करायचो आणि बोलायला लागायचो. हळूहळू लोकांचे हात आधी पुडीत जायला लागले.

अण्णा वैतागले, "मीटिंग माझी आणि दाणे ह्याचे!"

*

पण सगळ्यात जास्त त्रास झाला अण्णांनाच. इथे एक कॉफी दोघांत मागवतात, तिला बाय-टू म्हणतात. अण्णांनी ती पद्धत सिगरेटलाही लावली होती. क्लायंटचा अवघड फोन झाला की पहिली अर्धी त्यांची, उरलेली माझी. आता त्यांना सबंध ओढावी लागायची.

"तू सोडलास आणि माझी दुप्पट झाली की रे! खोकला झाला तर डॉक्टरकडे तुलाच नेतो."

"न्या की! पण अर्धीसुद्धा घेणार नाही!"

*

आणि मग तो फॅक्स आला. अमेरिकेतल्या क्लायंटनं एका ओळीत प्रोजेक्ट काढून घेतला. त्याच दिवशी माझ्या तिकडच्या जुन्या कंपनीचा फोन: जागा रिकामी आहे, ये. ऑफिसात फोन एकच, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

अण्णा मला खाली घेऊन गेले. वानखेडे मागोमाग आला. अण्णांनी सिगरेट पेटवली, बरोब्बर अर्धी ओढली आणि पूर्वीसारखी माझ्यापुढे धरली.

"आज तरी घे रे. आणि ती नोकरीपण घे. इथं पुढं काय हाय, मलाच ठाऊक नाही. मी काही म्हणणार नाही."

माझा हात खिशातून बाहेर आला होता. खोटं कशाला बोलू! वानखेडेच्या तोंडातले दाणे तसेच राहिले.

"नको, अण्णा."

"काय नको?"

"दोन्ही!"

"मग करणार काय?"

"दुसरा क्लायंट शोधू. नो ॲडजस्ट!"

सिगरेटची राख आपोआप गळून पडली. मग अण्णांनी ती अर्धी गटारात टाकली. "शेट्टी, कॉफी दे. बाय-टू." आणि खिशातलं पाकीट काढून फळीवर ठेवलं. "हे ठेवून घे."

"कधीपर्यंत, सर?" शेट्टीनं विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "हा अमेरिकेला परत जाईपर्यंत."

पाकीट अजून तिथंच आहे.